घुशींचा पक्का बंदोबस्त

शनिवार, दिनांक १४ जानेवारी १९६१, सायंकाळी सात वाजता, तुळजापुरातील एका अरुंद गल्लीत, निवृत्त ओव्हरसियर नारायणराव तडवळकर यांच्या घरी तिळगुळाचे साठ लाडू तयार होते आणि ते घ्यायला आलेली माणसे तीन होती. पहिला पोस्टमन, तो पत्र द्यायला आला आणि सापडला. दुसरा सोलापूरच्या बसमधून उतरलेला एक यात्रेकरू. त्याला शेजारचे विष्णुपंत उपाध्ये हवे होते, दार चुकले. तिसरी नागम्मा; ती भांडी घासायला आणि भाकरी थापायला येत असे आणि ते लाडू तिनेच वळले होते. हा आकडा तीन धरावा की शून्य, हा प्रश्न काटेकोर मोजणीत हयात घालवलेल्या माणसाला पडायला हवा होता. नारायणरावांनी तीन धरला. आयुष्यात मोजणीत सूट दिल्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग.

"सायब, लाडू लई उरल्यात," नागम्मा डबा हलवून म्हणाली. "मुंग्या यायच्या."

"एवढे करायला सांगितले कोणी?"

"तुमीच की. बाईसायब असताना साठ लागायचे म्हनालाव."

नारायणरावांनी चष्मा पुसला. पत्नी शारदाबाईंच्या हयातीत साठ लाडू दिवेलागणीच्या आत संपत. ती सगळी माणसे आपल्या घरी येतात अशी त्यांची तीस वर्षे समजूत होती. ती शारदाबाईंकडे येत होती, हे त्यांना तेराव्या दिवसानंतर हळूहळू कळू लागले.

यात थोडा दोष ओळंब्याचा होता. हैदराबादच्या टेक्निकल कॉलेजातून बाहेर पडल्यापासून नारायणराव खिशात भिंतीचा सरळपणा तपासायचा पितळी ओळंबा बाळगत, आणि कोणाकडेही गेले तरी प्रथम भिंत पाहत, मग माणूस. विष्णुपंतांनी यात्रेकरूंसाठी नवी गॅलरी बांधली तेव्हा वास्तुशांतीच्या जेवणाला बसण्यापूर्वी नारायणरावांनी सर्वांदेखत ओळंबा सोडून ती तीन इंच बाहेर असल्याचे जाहीर केले. विष्णुपंतांनी त्या दिवसापासून बोलणे टाकले. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार बंडप्पा याला त्यांनी सांगितले होते की तुझी तेलाच्या डब्यांची फळी पडणार. ती तिसऱ्या दिवशी पडली. फळी पडण्याबद्दल बंडप्पाने त्यांना एकवेळ क्षमा केली असती. पण ते आधी सांगून ठेवल्याबद्दल क्षमा करणे त्याला जमले नाही.

पोस्टमनने आणलेले पत्र नागपूरहून चिरंजीव गोपाळकृष्णाचे होते. "बाबा, तुमच्या प्रत्येक पत्रात घुशींनी पाया पोखरल्याचे असते. आता तुम्ही एकट्याने त्या घरात राहणे धोक्याचे आहे. पुढच्या संक्रांतीला मी येतो. तोपर्यंत पायाचा पक्का बंदोबस्त झालेला नसेल, तर घर विकून इकडे यावे. व्हरांड्याला पडदा लावून तुमची खाट टाकू."

खरी गोष्ट अशी होती की नारायणराव घुशींविषयी लिहीत, कारण लिहिण्यासारखे दुसरे काही घडत नव्हते. घुशी मात्र खऱ्या होत्या. न्हाणीच्या फरशीवर काठी आपटली की आतून पोकळ आवाज येई. भिंतीपलीकडे त्या माती ओढू लागल्या की नारायणराव ऐकत पडत. त्या घरात दुसरा आवाजही नव्हता. पण पडद्याआडच्या खाटेचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. ज्या घराचा एकेक दगड आपण बसवला, ते घूस नावाच्या अशिक्षित प्राण्यामुळे सोडायचे, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

गल्लीने बोलणे टाकले असले तरी सल्ला टाकलेला नव्हता. सल्ला भिंतीवरून येई. विष्णुपंत स्वतःच्या अंगणात उभे राहून, आकाशाकडे पाहत, कोणाला उद्देशून नाही अशा बेताने म्हणत, "लोकांनी मांजर पाळावं." नारायणरावांनी मांजर आणले, ते बिळात डोकावले आणि नाकावर जखम घेऊन थेट विष्णुपंतांकडे राहायला गेले. बंडप्पाने मिरच्यांचा धूर करायला सांगितले. धूर नारायणरावांच्या परसातल्या बिळात शिरला आणि विष्णुपंतांच्या देवघरातून निघाला. त्या दिवशी विष्णुपंत आकाशाकडे पाहून बरेच बोलले.

अखेर उपाय सोलापूरहून आला. टेक्निकल कॉलेजातला वर्गमित्र महारुद्र तिथल्या एका गिरणीत भांडारप्रमुख होता. गिरणीचा इंग्रज इंजिनिअर कायमचा मायदेशी निघाला होता आणि त्याच्या मागे एक कुत्रा उरत होता. महारुद्राने कळवले, "जात फॉक्स टेरियर. वय चार. नाव मेजर. बिळातल्या जनावराचा जन्मजात वैरी. सोबत माहितीचे पुस्तकही पाठवतो."

कुत्र्यासोबत पुस्तक येते म्हटल्यावर नारायणरावांचा निर्णय झाला.

मेजर चैत्रात यात्रेकरूंच्या गर्दीतून एका करंडीत बसून आला. कंडक्टरने त्याला सामान मानावे की उतारू, यावर नळदुर्ग नाक्यापासून वाद चालला होता. देवीच्या पायथ्याशी बस थांबली तेव्हा अर्धी बस मेजरच्या बाजूची झाली होती. अंगाने ससाण्याएवढा चपळ, उंचीने गुडघ्याखाली. रंग पांढरा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी खूण, शेपूट कापून आखूड केलेली आणि ती कायम उभी. नागम्माने त्याला दारातच न्याहाळले.

"हे कुत्रं हाय व्हय? अर्धंच दिसतंय."

"ही फार जुनी जात आहे, नागम्मा."

"मग झिजलं असंल."

नारायणरावांनी त्याच्यासाठी आधीच एक घर बांधून ठेवले होते. पाया मुरमाचा, फरशी शहाबादी, पाणी निघून जाण्यासाठी मागे उतार; ओळंब्यात तसूभर फरक नाही. मेजरने त्या घराला एक प्रदक्षिणा घातली, एका कोपऱ्यावर तंगडी वर केली आणि तो सरळ मागच्या दाराकडे गेला. तिथे शारदाबाई ज्यावर बसून धान्य निवडत, ती बुटकी वेताची खुर्ची होती. तीन वर्षांत तीवर कोणी बसले नव्हते. मेजर तीवर चढून बसला.

"उठ," नारायणराव म्हणाले.

मेजरने त्यांच्याकडे पाहिले आणि हनुवटी पंजांवर टेकली. नारायणराव बराच वेळ उभे राहिले, आणि मग पुस्तक वाचायला आत गेले.

पुस्तकाने त्यांना झपाटून टाकले. इंग्लंडात कोल्ह्यांच्या शिकारीची एक सविस्तर व्यवस्था होती. पुढे मोठ्या कुत्र्यांचा कळप, मागे घोडेस्वार. कोल्हा जीव घेऊन बिळात शिरला की मोठ्या कुत्र्यांचा उपाय चालत नसे. मग एका स्वाराच्या खोगिराच्या पिशवीतून हा छोटा टेरियर बाहेर काढायचा आणि बिळात सोडायचा. पाय बिळापुरते लांब, छाती हाताच्या ओंजळीत मावणारी. आत शिरून त्याने कोल्ह्याच्या तोंडासमोर उभे राहून भुंकायचे, माघार घ्यायची नाही, आणि कोल्ह्याला बाहेर पडायला लावायचे. मारायचे काम त्याचे नव्हते. ते बाहेर थांबलेल्या कळपाचे. रंग पांढरा का, तर धुळीतून बाहेर येताना कळपाने त्यालाच कोल्हा समजू नये म्हणून. एखाद्या जनावराची रचना इतक्या हिशेबाने केलेली नारायणरावांनी प्रथमच पाहिली. स्वभावाविषयी लिहिले होते की ही जात निर्भय, हट्टी आणि चौकस असते. एकाच माणसाला धनी मानते आणि त्याचेही अधूनमधून ऐकते. आणि तिला एकटे ठेवू नये. एकटी राहिली तर ती दिसेल त्यावर भुंकते, नको तिथे उकरते आणि शेजाऱ्यांना नकोशी होते.

हा शेवटचा भाग त्यांनी नागम्माला भाषांतर करून सांगितला.

"आसं व्हय," नागम्मा भाकरी उलटत म्हणाली. "मग तुमचं दोघांचं जमंल."

ज्ञान एकट्याने पचत नाही. नारायणराव सायंकाळी ओट्यावर बसू लागले, शेजारी मेजर. रस्त्याने जाणारा माणूस मेजरकडे पाहून थबके आणि नारायणराव त्याला खोगिराच्या पिशवीपासून सुरुवात करून इतिहास सांगत. बंडप्पा माप तसेच हातात धरून ऐके. विष्णुपंत स्वतःच्या ओट्यावर पाठ करून बसत; पण कोल्हा बिळात शिरण्याच्या ठिकाणी त्यांची मान किंचित वळे, हे नारायणरावांनी टिपून ठेवले होते.

दरम्यान परवान्याचे काम निघाले. समोरच्या घरात राहणारे आण्णासाहेब नगरपालिकेच्या कचेरीत लेखनिक होते. माणूस निजामाच्या अमदानीत नोकरीला लागलेला, मग मुंबई राज्यात गेलेला आणि आता महाराष्ट्रात आलेला. तीन राजवटींची भीती त्यांच्या अंगी एकत्र नांदत होती.

"साहेब, मामला नाजूक हाय," आण्णासाहेब कपाळ चोळत म्हणाले. "जुन्या कायद्यात कुत्र्याला परवानगी व्हती, पर ते उर्दूत. मधल्या कायद्यात व्हती, पर ती मुंबईच्या कुत्र्यांसाठी. नवा कायदा यायचाय. तुमचं कुत्रं कंच्या कायद्यातलं?"

"ते सोलापूरचे आहे."

"म्हंजे बाहेरचं! मग जनावरांच्या डाक्टराचा दाखला आणा, त्याबिगर दरखास्त रुजू व्हत न्हाय."

जनावरांच्या डॉक्टरांपाशी दाखल्याचा छापील नमुना एकच होता आणि तो बैलांचा होता. डॉक्टर सज्जन, त्यांनी रकाना न रकाना भरला. शिंगे: नाहीत. वशिंड: नाही. नांगरास उपयुक्त: नाही. सर्वसाधारण शेरा: जनावर लहान असून डॉक्टरांच्या लेखणीवर भुंकते. नारायणरावांनी तो दाखला घडी घालून आणला. मेजरच्या वतीने त्यांना फार अपमान वाटला होता. वाटेत त्यांनी त्याची दोनदा समजूत घातली. आण्णासाहेबांनी दाखला दोऱ्यात ओवला आणि कागदांची मिसल पुढे पाठवली, म्हणजे दुसऱ्या टेबलावर ठेवली.

उन्हाळा आणि पावसाळा शिकवण्यात गेला. मेजरला बिळाचा रस्ता शिकवावा लागला नाही. त्यातून बाहेर यायला शिकवावे लागले. नारायणरावांनी पोटावर झोपून, बिळात तोंड घालून त्याला हाका मारल्या. एकदा यात्रेकरूंचा एक जथा चुकून अंगणात आला आणि जमिनीत तोंड घालून "मेजर, मेजर" असा टाहो फोडणारा वृद्ध गृहस्थ पाहून मुकाट्याने हात जोडून परत गेला.

परीक्षेचा दिवस त्यांनी भाद्रपद वद्यात ठरवला. पाऊस ओसरून माती घट्ट झालेली असते, बिळे ढासळत नाहीत, ही स्थापत्याची बाजू त्यांनी पूर्ण विचारात घेतली होती. धर्माची बाजू राहिली. भाद्रपद वद्यात देवी निद्रेला जाते. ती पलंगावर निजते, म्हणून तिच्या सेवेतली घरे नवरात्रापर्यंत पलंग आणि गाद्या वर्ज्य करतात. आबालवृद्ध जमिनीवर चटईवर झोपतात. त्या गल्लीतली बहुतेक घरे देवीच्या सेवेतली होती. शारदाबाई असत्या तर त्यांनी आठवण करून दिली असती.

दुपारी नारायणरावांनी दिसणारी सगळी बिळे दगड ठोकून बंद केली, परसातले एक उघडे ठेवले आणि मेजरला सोडले. जमिनीखाली जे युद्ध झाले ते वरून फक्त ऐकू येत होते. मेजरचा आवाज न्हाणीखालून देवघराखाली, देवघराखालून ओट्याखाली गेला. उघड्या बिळापाशी काठी घेऊन उभ्या असलेल्या नारायणरावांसमोर एकही घूस आली नाही. सायंकाळी मेजर बाहेर आला तो मातीने तांबडा झालेला, पण शेपूट ताठ. न्हाणीवर काठी आपटली, कान लावला. शांतता. घुशींनी घर सोडले होते. पळून गेलेल्या घुशी जातात कुठे, हा प्रश्न नारायणरावांना पडला नाही. ओव्हरसियरची हद्द जिथे संपते तिथे त्याचे कुतूहलही संपते.

सकाळी उजाडताच दारात गल्ली उभी होती. विष्णुपंत, त्यांच्या पत्नी सत्यभामाकाकू, बंडप्पा, आण्णासाहेब, आणि मागे आणखी कितीतरी डोकी. शारदाबाईंच्या तेराव्यानंतर एवढी माणसे त्या उंबऱ्यापाशी आली नव्हती. नारायणरावांना क्षणभर वाटले, अभिनंदनाला आली.

"नागम्मा, चहा टाक," ते म्हणाले.

"चहा राहू द्या!" सत्यभामाकाकू कडाडल्या. "ओव्हरसियरसाहेब, आमच्याकडं खोलीभर यात्रेकरू जमिनीवर निजलेले. घूस आली ती एकाच्या छातीवर जाऊन बसली. त्यानं बिचाऱ्यानं डोळे न उघडता हात जोडले. म्हणे, आईनं कौल दिला! सकाळी कळलं तेव्हापासून तो सामान बांधून बसलाय, माझ्याशी बोलत नाही."

"माझ्या गुळाच्या ढेपीत बोगदा पाडलाय," बंडप्पा म्हणाला. "आन् काय सांगावं, ओव्हरसियरच्या घुशी त्या! बोगदा बी एकदम सरळ लाइनीत!"

आण्णासाहेबांनी आपली कुरतडलेली वहाण वर करून दाखवली.

मग विष्णुपंत पुढे झाले. गॅलरीच्या दिवसानंतर ते नारायणरावांच्या तोंडाकडे पाहून प्रथमच बोलत होते.

"नारायणराव, याच ओट्यावर तुम्ही उभ्या गल्लीला पुराण सांगितलंत. हे कुत्रं मारत नाही, हुसकून बाहेर काढतं. मारायला बाहेर मोठी कुत्री उभी असतात. बरोबर?"

"बरोबर. ती त्या जातीची परंपराच आहे."

"मग काल बाहेरची कुत्री कुठं होती?"

पूल अर्धाच बांधून वाहतूक सुरू केल्यासारखे नारायणरावांना झाले. तेवढ्यात विष्णुपंतांनी पुढचा प्रश्न विचारला.

"का बाहेरची कुत्री म्हणजे आम्ही?"

आपण पुराण ऐकत होतो हे त्यांनी या भरात कबूल करून टाकले, ही गोष्ट त्या प्रसंगात कोणाच्या ध्यानात आली नाही. नारायणरावांच्या आली.

अर्ज गेला. "मेजर नामक इसमाने" घुशींना चिथावून गल्लीत सोडल्याची तक्रार होती. लिहिणारे आण्णासाहेब असल्याने सवयीने इसम पडले. मागणी एकच, मेजरला गावाबाहेर काढावे. पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, आदल्या दिवशी नारायणरावांनी महारुद्राला पत्र लिहिले, की कुत्रा परत घेऊन जा. आणि ते टपालात न टाकता कोटाच्या खिशात ठेवले. मेजर गेला तर नागपूरच होते. पाया आता रिकामा होता, तरी घर ठेवण्याला काही कारण उरेल असे त्यांना वाटेना. हे त्यांनी मेजरला सांगितले. मेजर खुर्चीवर पंजा चाटत होता.

पेशीला दोन्ही बाजू हजर होत्या आणि मेजर टेबलाखाली होता. अध्यक्षसाहेब नवे होते, त्यांना लवकर जेवायला जायचे होते.

"कुत्रं घालवलं तर घुशी जातील का?" त्यांनी विचारले.

गल्ली एकमेकांकडे पाहू लागली.

"तसं न्हाय साहेब," बंडप्पा म्हणाला. "घुशी आता आमच्यात नांदायला लागल्या."

"मग त्यांना हुसकणार कोण?"

सर्वांचे लक्ष टेबलाखाली गेले. विष्णुपंत खाकरले. "म्हणजे... एकवार आमच्याकडं सोडून बघायला हरकत नाही. माझं माणसाशी वाकडं आहे, कुत्र्याशी नाही."

परवान्याचा प्रश्न मात्र उरत होता. कायदा कोणताच लागू पडेना. तेव्हा आण्णासाहेबांना नोकरीतला एकमेव साक्षात्कार झाला. कचेरीकडे औषध फवारायचा पंप होता, आगीच्या बादल्या होत्या; उपद्रव निवारणाची साधने म्हणून त्यांची नोंद होती. साधनाला परवाना लागत नाही. मेजरची नोंद पंपाखाली झाली. पण साधन चालवायला तांत्रिक शिक्षण झालेला चालक लागतो आणि साधन हलले की चालकाने बरोबर असलेच पाहिजे, असा नियम तीनही कायद्यांत सारखाच निघाला. गावात टेक्निकल कॉलेजचा दाखला असलेला मोकळा माणूस एकच होता. कचेरीतून निघताना नारायणरावांनी खिशातले पत्र फाडून आगीच्या बादल्यांपैकी एकीत टाकले.

त्या दिवसापासून नारायणराव घरोघर जाऊ लागले. सकाळी बोलावणे येई. एका हातात मेजरचा पट्टा, दुसऱ्या हातात काठी. मेजर जमिनीखाली गेला की वर करण्यासारखे काही नसे; मग यजमान चहा ठेवी. त्याला वर यायला जितका उशीर होई, तितके चहाबरोबर आणखी काही येई. बंडप्पाच्या कोठीत भाजलेले शेंगदाणे, आण्णासाहेबांकडे ज्वारीच्या लाह्या. मेजर दुसऱ्या कोणाचे ऐकत नसल्याने चालकाला उठता येत नसे. ओळंबा खिशात असे. नारायणरावांचा हात दोनतीनदा तिकडे गेला, आणि दरवेळी त्या हातात कोणीतरी बशी दिली.

सत्यभामाकाकूंकडे मेजर माजघराखाली बराच रमला. काकू धान्य निवडत होत्या.

"शारदा निवडायची तसं कुणाला जमत नाही," त्या सुपाकडे पाहत म्हणाल्या. "खडा तिला आवाजावरून कळायचा." मग थोड्या वेळाने, "भावोजी, तुम्हाला आणखी पोहे देते."

ओव्हरसियरसाहेबाचा भावोजी केव्हा झाला, ते नारायणरावांना कळले नाही. बशीवर ते बरेच वाकून बसले.

मार्गशीर्षात त्यांना एका घुशीची ओळख पटली. तिचा डावा कान फाटलेला होता. ती विष्णुपंतांच्या परसातून निघून नारायणरावांच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या घराच्या भिंतीखाली शिरली. आणि हीच बाई दोन आठवड्यांपूर्वी बंडप्पाच्या कोठीतून निघाली होती, त्याआधी आण्णासाहेबांच्या जिन्याखालून. घुशी घटत नव्हत्या. मेजरच्या पाठोपाठ त्या गल्लीला फेरी घालत होत्या, आणि नारायणराव त्यांच्या मागोमाग.

त्यांनी घरी येऊन फळ्यावर कागद ताणला. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. एकाच दिवशी सर्व घरांची बिळे वरच्या अंगाने बंद करायची, खालच्या टोकाला ओढ्याकडे एक वाट ठेवायची, गल्लीतल्या माणसांनी तिथे काठ्या घेऊन उभे राहायचे आणि मेजरला वरून सोडायचे. एका दुपारचे काम. नकाशा सुबक झाला, मापे बिनचूक. खाली सही करायला त्यांनी टाक उचलला आणि पुन्हा ठेवला.

एका दुपारचे काम. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणे यायचे नाही.

मेजर खुर्चीवर झोपला होता. न्हाणीखाली कसलाही आवाज नव्हता; घर रिकामे असतानाच त्यांनी पायात खडी आणि चुना ठासून पक्का कोबा करून घेतला होता. काठी आपटली तर हाताला झिणझिण्या येत. नागपूरच्या पत्रातली अट पुरी झाली होती. नारायणराव दिवा न लावता बसून राहिले. नोकरीत त्यांनी कोणाचे काम रेंगाळू दिले नव्हते.

विष्णुपंत सरळ आत आले तेव्हा नकाशा लपवायला वेळ मिळाला नाही. पंतांनी खिडकीपाशी जाऊन तो वाचला. माणूस हुशार, ओढ्यापर्यंत बोट फिरवले आणि थांबले.

"म्हणजे याने संपेल?"

"संपेल. नक्की."

विष्णुपंतांची मुले पुण्याकडे नोकरीला होती, यात्रेकरू येत आणि जात, हे नारायणरावांना अलीकडेच, तिसऱ्या की चौथ्या चहाला कळले होते. पंतांनी नकाशाची व्यवस्थित घडी घातली आणि ती कोनाड्यात पंचांगाखाली सरकवली.

"आता शाकंभरीचं नवरात्र आलं. मग चैत्री यात्रा. एवढ्या गडबडीत नवं काम कुठं काढता? बघू सवडीनं." दारापाशी ते वळले. "आणि हो, गॅलरी तीन नाही, अडीच इंच बाहेर आहे. मी मोजली."

संक्रांतीला गोपाळकृष्ण रिकामी ट्रंक घेऊन आला. दाराला कडी. बंडप्पा म्हणाला, आत्ताच आण्णासाहेबांकडे गेले. आण्णासाहेब म्हणाले, साधन आणि चालक उपाध्यांकडे रवाना झाले. सत्यभामाकाकू म्हणाल्या, भावोजी घरीच गेले, तू हातपाय धू. असा तो वडिलांच्या मागे एक घर राहून गल्लीभर फिरला आणि शेवटी स्वतःच्या दारात आला. तिथे ओट्यावर माणसे बसली होती आणि नागम्मा आत ओरडत होती, "सायब, साठ लाडू संपले! आता लोकास्नी साखर देऊ का?"

एक लाडू तिने शारदाबाईंच्या तसबिरीपुढे वेगळा काढून ठेवला होता, तेवढा राहिला. कितीजण येऊन गेले ते नारायणरावांनी मोजले नव्हते. मोजायचे त्यांच्या ध्यानातच राहिले नाही.

गोपाळकृष्णाने आत जाऊन न्हाणीवर टाच आपटली आणि तळवा चोळत बाहेर आला. ट्रंक त्याने कोपऱ्यात सरकवली. मेजरला हात लावायला गेला तर मेजर गुरगुरला.

"पाया पक्का झाला, बाबा. मानलं," तो म्हणाला. "पत्रात लिहिलंत, सगळी गल्ली चार महिने मेजरला नेते आहे. मग एकूण घुशी मेल्या तरी किती?"

बंडप्पा गुळाच्या भावाविषयी काहीतरी आठवल्यासारखा रस्त्याकडे पाहू लागला. विष्णुपंतांनी आकाशाकडे पाहिले.

नारायणरावांनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि मुलाकडे पाहिले. खात्यात असताना त्यांनी कधी खोटा आकडा दिला नव्हता.

"शून्य," ते म्हणाले.